पावसाची बेरीज आणि पावसाची तऱ्हा



२०२३ च्या दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी हवामान बदलावर बोलायला गेलो होतो. माझे आयुष्य पदार्थविज्ञान शिकवण्यात गेले. त्यामुळे अशा ठिकाणी मी गोष्टी कमी आणि आकडे जास्त घेऊन जातो. त्या दिवशी मी सांगितले, की जग तापते आहे हे खरे. पण आपल्या मोसमी पावसाने अजून पाठ फिरवलेली नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि यंदा त्याच्या ९४ टक्के पडला. सहा टक्क्यांची तूट काही फार मोठी नव्हे.

भाषण संपल्यावर मागच्या बाकावरचे एक वयस्कर शेतकरी उभे राहिले. म्हणाले, ‘सर, तुमची बेरीज बरोबर असंल. पण ऑगस्टचं पाणी सप्टेंबरात दिलं, तर सोयाबीन ते घेत नाही.’

कोणी हसले नाही. माझ्याजवळही उत्तर नव्हते. घरी आल्यावर मी महिनावार आकडे काढून बसलो. जुलैमध्ये देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला होता. ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी. सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के जास्त. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीनला शेंगा धरायच्या आणि भरायच्या नेमक्या दिवसांत पाऊस गायब, आणि माझ्या बेरजेत मात्र जेमतेम सहा टक्क्यांची तूट. मी खोटे बोललो नव्हतो. पण त्या माणसाच्या उपयोगाचे काही बोललो नव्हतो. जागतिक तापमानवाढ आपल्या दारात कोणत्या रूपाने येते, हे मी बेरजेत शोधत होतो. ते शोधायला हवे होते पावसाच्या तऱ्हेत. आज ही चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम मुळापासून पाहू. पृथ्वीला सूर्याकडून उष्णता मिळते आणि ती उष्णता पृथ्वी पुन्हा अवकाशात सोडते. वाटेत हवेतली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि आणखी काही वायू तिला अडवतात. हे वायू नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सिअस असते. ते आहे शून्यावर १५ अंशांच्या आसपास. म्हणजे हे पांघरूण आहे म्हणून आपण आहोत. तक्रार पांघरुणाबद्दल नाही, ते जाड होत चालल्याबद्दल आहे.

ही काही कालपरवाची कल्पना नाही. जॉन टिंडाल यांनी १८५९ मध्ये लंडनमध्ये प्रयोग करून हे वायू उष्णता शोषतात हे दाखवले. स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये, संगणक तर सोडाच, पण साधे विजेवर चालणारे गणनयंत्रही हाताशी नसताना, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. हवेतला हा वायू खरोखर वाढतो आहे का, हे मात्र अचूकपणे मोजले गेले १९५८ पासून. चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत.

श्रोत्यांमधून अनेकदा एक शंका येते, की हा वायू आपणच सोडला कशावरून? ज्वालामुखीतून आला नसेल? किंवा सूर्यच जास्त तापला नसेल? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तरही आहे. हवेतल्या कार्बनमध्ये किरणोत्सर्गी कार्बनचा एक सूक्ष्म अंश असतो. कोळसा आणि तेल लक्षावधी वर्षे जमिनीत गाडलेले असल्यामुळे त्यांच्यातला तो अंश केव्हाच संपून गेलेला असतो. असा ‘जुना’ कार्बन हवेत मिसळला, की तिथला हा अंश पातळ होतो, आणि शास्त्रज्ञांना नेमके तेच आढळले. ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही हा अंश नसतो. पण माणूस वर्षभरात जेवढा वायू सोडतो, त्याच्या एक टक्काही ज्वालामुखी सोडत नाहीत. शिवाय हवेतला प्राणवायू किंचित घटतो आहे, आणि ती खूण जळणाची आहे. राहिली सूर्याची गोष्ट. सूर्य जास्त तापला असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. पांघरुणाच्या आत ऊब आणि बाहेर गारवा, तसलाच हा प्रकार.

या पांघरुणामुळे २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. दीड अंश ऐकून आपल्याला काही वाटत नाही. सकाळ आणि दुपार यांच्यातच आपण दहा-बारा अंशांचा फरक सोसतो. मग दीड अंशाचे एवढे काय?

इथे आपल्या पावसाचा संबंध येतो. हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. विहिरीवर लहान बादलीऐवजी मोठा हंडा नेला तर काय होईल? हंडा भरायला वेळ जास्त लागेल. पण कलंडला की पाणीही जास्त सांडेल. तापलेल्या हवेचे असेच होते. दोन पावसांमधला खंड वाढण्याकडे कल होतो आणि पाऊस येतो तेव्हा तो धो धो येतो. वर्षाची बेरीज मात्र फारशी हलत नाही.

हे नुसते तर्काचे बोलणे नाही. डॉ. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांना दिसले, की दिवसाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे प्रसंग घटले. वाढ आणि घट यांनी एकमेकांना झाकून टाकले आणि ऋतूची सरासरी जागच्या जागी राहिली. मला तो शेतकरी जे सांगत होता, ते कागदावर सतरा वर्षांपूर्वीच मांडलेले होते. मी ते वाचलेही होते. पण वाचलेले पटते तेव्हाच कळते.

पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पावसाला लागणारे बाष्प अरबी समुद्रावरून येते. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र गिळतात, आणि आपल्या पश्चिमेचा समुद्र याला अपवाद नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तरी फळाला यायला वर्षे जातात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ कोकणाला घासून गुजरातेकडे गेले. चक्रीवादळ म्हणजे बंगालच्या उपसागराची गोष्ट, असे समजणाऱ्या कोकणाने वर्षभरात दोन तडाखे खाल्ले.

आता एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक पूर तापमानवाढीच्या खात्यावर टाकू नये. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यात वर्षभरात पडतो त्याहून हा जास्त. त्याच दिवशी तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला मात्र अवघा ७४ मिलिमीटरच्या आसपास! तो पाऊस नेमका कशामुळे एकवटला, हे एका वाक्यात सांगता येत नाही. शिवाय मिठी नदीचे पात्र आपणच आवळलेले होते. शास्त्र असे सांगते, की एखादी ठराविक घटना तापमानवाढीने ‘घडवली’ असे बहुधा म्हणता येत नाही. पण अशा घटनांची शक्यता आणि त्यांचा जोर तापमानवाढीने वाढतो. २२ जुलै २०२१ आठवा. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस, चिपळूण पाण्याखाली आणि महाड तालुक्यातल्या तळीये गावावर कोसळलेली दरड.

मग प्रश्न उरतो, की आपली सगळी व्यवस्था कशावर बेतलेली आहे? ती जुन्या सरासरीवर बेतलेली आहे. मुंबईची पावसाळी गटारांची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असेल तर. पुलांच्या मोऱ्या, धरणांतून पाणी सोडण्याची वेळापत्रके, पेरणीच्या तारखा, सगळ्यांमागे पूर्वीच्या पावसाची तऱ्हा गृहीत धरलेली आहे. शेतकऱ्याचे तर पंचांगच नक्षत्रांचे. मृगात पेरणी, आर्द्रात उगवण, पुष्यात पिकाची वाढ. ते पंचांग चुकीचे नव्हते; पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले होते. ज्याचे निरीक्षण केले तो पाऊसच बदलला, त्याला पंचांग काय करणार? म्हणून मृगाच्या पहिल्या सरीला भुलून पेरणी करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच करा, असे कृषी खाते सांगते. नाही तर दुबार पेरणी, म्हणजे बियाणे आणि खत यांचा दुहेरी खर्च. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरले, तर खंड पडल्यावर वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. एकाच शेतात एकाच हंगामात दोन्हींची तयारी ठेवायची, हा या बदललेल्या पावसाचा धडा आहे.

सरकारी मदतीचेही तसेच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की अतिवृष्टी मानली जाते. पण तो मोजायचा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. पाऊस जितका तुकड्यातुकड्यांनी पडेल, तितके मंडळाचे यंत्र आणि आपले शिवार यांच्यात अंतर पडेल. सांताक्रूझ आणि कुलाबा हे त्याचे मोठे उदाहरण. गावोगावी अशी लहान उदाहरणे आहेत.

अर्थात, हंडा आणखी मोठा होऊ द्यायचा नसेल, तर कोळसा आणि तेल जाळणे कमी करण्याला पर्याय नाही. भारतात माणशी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि आधी श्रीमंत देशांनी हात आखडावा हे म्हणणे न्यायाचे आहे. पण न्याय आपल्या बाजूला आहे म्हणून पाऊस आपल्याला वेगळी वागणूक देणार नाही. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतके तिथेच राहतो. आज जे जाळू, त्याची ऊब नातवंडांच्या नातवंडांपर्यंत पोहोचेल.

शेवटी एक छोटी विनंती. पुण्यात ‘सिमला ऑफिस’ नावाची इमारत आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून तिथे आले, म्हणून ते नाव. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा, असे मी मघाशी सांगू शकलो, याचे कारण देशभरातल्या नाव नसलेल्या माणसांनी सव्वाशे वर्षे पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत लिहिले. ते काम आपणही करू शकतो. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा एक डबा उघड्यावर सपाट ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून किती मिलिमीटर पाणी साठले ते लिहावे. शाळेतल्या मुलांना हे सहज जमेल. सरकारी कामात ही नोंद चालणार नाही. पण चार-पाच वर्षांत आपल्या गावच्या पावसाची तऱ्हा कळायला लागेल. पाऊस किती झाला याबरोबर तो किती दिवसांत झाला आणि मध्ये किती दिवस कोरडे गेले, हेही तिच्यात दिसेल.

मी स्वतः आता कुठेही बोलायला गेलो, की सरासरी सांगण्याआधी समोरच्यांना विचारतो, ‘यंदा तुमच्याकडे ऑगस्टात किती दिवस पाऊस झाला?’ उत्तर ऐकून मगच भाषणाला सुरुवात करतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)