तो म्हणाला की मी येतो



इंग्रजी व्याकरणातले 'डायरेक्ट-इनडायरेक्ट' ऐकायला आपण ऐन उन्हाळ्यात एवढ्या संख्येने याल, असे आम्हांस वाटले नव्हते. परीक्षेतले पाच मार्क सोडले तर या प्रकरणाशी आपला संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. आम्हांलाही वाटे; पण एका पत्राने आमची खोड मोडली.

आम्ही तेव्हा एका पेढीत पत्रव्यवहार पाहत होतो. मालक म्हणाले, 'कळवा त्यांना, बाकीची रक्कम मी पुढल्या महिन्यात भरतो.' आम्ही मनात मराठी वाक्य जुळवले, 'मालक म्हणतात की बाकीची रक्कम मी भरतो', आणि शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवले : 'द प्रोप्रायटर सेज दॅट आय शॅल पे द बॅलन्स.' खाली सही आमची! महिना उलटल्यावर तगादा आला तो आमच्या नावाने. आमचा वर्षाचा पगार त्या रकमेच्या पासंगालाही पुरला नसता. मालक हसले, आम्हांला हसू यायला बरीच वर्षे लागली.

चूक कोठे झाली? मराठीत 'की'नंतरचा 'मी' हा मूळ बोलणाऱ्याचाच राहू शकतो. ही आपली जुनी सवय आहे, आणि ती वाईट नव्हे. संस्कृतात दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे सांगून शेवटी 'इति' लावीत. आपण 'असे म्हणाला' लावतो. म्हातारी आजी शेजारचे भांडण सांगू लागली म्हणजे दोन्ही बाजूंचे हातवारेसुद्धा करून दाखवते. इंग्रजीत 'दॅट' आला की ते नाटक संपले. पुढचा 'आय' सांगणाऱ्याचा. म्हणून मालकांच्या 'आय'चा 'ही' करावा लागतो. हो-नाहीचा प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह जाते, 'इफ' येतो आणि कर्ता क्रियापदाच्या आधी जाऊन बसतो.

म्हणजे सांगणारा कोठे आणि केव्हा उभा आहे, एवढाच सारा प्रश्न. शाळेत मात्र कोष्टक पाठ करवतात : 'हिअर'चा 'देअर', 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे'. आता असे पाहा. सकाळी डॉक्टर म्हणाले, 'आय शॅल कम टुमॉरो.' त्याच संध्याकाळी आपण ते घरी सांगितले तर 'टुमॉरो' तसाच ठेवावा. उद्या अजून उद्याच आहे. आठ दिवसांनी सांगितले तर 'द नेक्स्ट डे' हवे.

काळाचेही तेच. 'सेड' आला की 'इज'चा 'वॉज', अपवाद त्रिकालाबाधित सत्याचा, असे आपण घोकले. पण मित्र स्टेशनावरून येऊन म्हणाला की गाडी उशिरा आहे, आणि ती अजून आलेली नाही, तर 'ही सेड द ट्रेन इज लेट' हे चांगले इंग्रजी आहे. (गाडीचा उशीर त्रिकालाबाधित आहे असे कोणी म्हणेल, तर आम्ही वाद घालणार नाही.) 'इज' ठेवले तर सांगणारा त्या बातमीमागे थोडा उभा राहतो, 'वॉज' केले म्हणजे, तो म्हणाला खरा, पुढचे तो जाणे. कोपर्निकसने १५४३ साली ग्रंथ छापून पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडले. तेथे 'रिव्हॉल्व्ज' ठेवायला हरकत नाही. पण पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी आहे, हे टॉलेमीचे मत सांगताना 'इज' ठेवले, तर ऐकणारा आपल्याकडेच पाहू लागेल.

उद्गारांचे 'एक्स्क्लेम्ड विथ सॉरो' वगैरे आम्ही सोडून देतो. ते परीक्षेबाहेर क्वचितच कोणी बोलते.

त्या तगाद्याचे काय झाले, ते राहिले. त्यांचा वसुलीचा माणूस स्वतः येऊन मालकांना भेटून गेला, आणि आम्ही नियमाप्रमाणे दुसरे पत्र लिहिले : 'द प्रोप्रायटर टोल्ड युवर एजंट दॅट ही वुड पे.' मालकांनी ते वाचून घेतले आणि विचारले, 'पैसे भरणारा हा ''ही'' कोण? मी, की त्यांचा माणूस?' आम्ही 'ही'पुढे कंसात मालकांचे नाव घातले आणि पत्र टपालात टाकले.