कंपनीचा शब्द आणि बातमीचा शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"आपल्याला ज्यांच्यापासून काही शिकता आले अशी व्यक्ती" या विषयावर चार शब्द बोलावेत, असे मंडळाने सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ग्रंथांचे दाखले मजजवळ नाहीत. म्हणून जो आवाज लहानपणापासून माझ्या कानावर पडला, त्या आवाजाविषयी बोलते. तो आवाज म्हणजे दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारे प्रदीप भिडे यांचा.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांनीही तेथे बातम्या वाचल्या. आम्ही मुलुंडला चाळीत राहत होतो. बातम्या लागल्या की मोठी माणसे गप्पा थांबवीत, आणि आम्हां पोरांनाही गप्प बसावे लागे. भिडे यांचे "नमस्कार" मी तेव्हापासून ऐकत आले.

ते मुळात वृत्तनिवेदनाच्या पोटावर जगणारे नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. विज्ञानाची पदवी घेऊन ते पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकले, आणि मोठ्या कंपन्यांत जनसंपर्क अधिकारी झाले. पुढे नोकरी सोडून त्यांनी निवेदन हाच पूर्णवेळ व्यवसाय केला आणि खारला स्वतःचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढला. बातम्या, माहितीपट, जाहिराती, सरकारी समारंभ, सर्वत्र त्यांचा आवाज असे. ठरलेल्या तारखेचा पगार सोडणे म्हणजे काय, हे घर चालविणाऱ्या बाईला निराळे सांगायला नको. ७ जून २०२२ रोजी ते गेले.

आता जनसंपर्क म्हणजे काय? कंपनीचे म्हणणे लोकांपुढे चांगल्या शब्दांत मांडायचे, वर्तमानपत्रांना माहिती पुरवायची, आणि काही बिनसले तर पहिले उत्तर आपण द्यायचे. तेथे माणूस कंपनीच्या वतीने बोलतो, आणि त्यात गैर काही नाही. बातम्या वाचणाराही दुसऱ्याने लिहिलेलेच वाचतो. पण तेथे त्याला कोणाचा माल खपवायचा नसतो. आनंदाची बातमी असो वा अपघाताची, भिडे यांचा स्वर कधी सुटला नाही. ऐकणाऱ्याला काय वाटावे, हे ते ऐकणाऱ्यावर सोपवीत. जीभ तीच, शिक्षण तेच, पण कोणाच्या वतीने बोलायचे ते बदलले की बोलण्याची रीतही बदलते.

भगिनींनो, हे मी आज सांगते याला कारण आहे. आपल्या उपनगरांत जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे दिवस आहेत. आमच्या इमारतीच्या सभेला बिल्डरचा माणूस आला होता. गोड बोलला, पडद्यावर रंगीत चित्रे दाखविली. पुरुषमंडळी माना डोलवीत होती आणि आम्ही बायका मागच्या खुर्च्यांवर गप्प होतो. तेव्हा साठी उलटलेल्या एका शेजारीणबाईंनी उभे राहून विचारले, "चटई क्षेत्र किती फूट मिळणार, भाडे किती महिने देणार, आणि काम अर्धे राहिले तर बँकेची हमी कितीची?" त्या गृहस्थांजवळ यातील एकाचेही लेखी उत्तर नव्हते. सभा पुढच्या महिन्यावर गेली. त्यांचा तरी काय दोष? ज्याचा पगार घेतात त्याचे बोलायला ते आले होते. आपल्या वतीने बोलायला मात्र कोणी आले नव्हते. ते आपणच बोलायचे असते.

बोलणे काही जन्मजात येत नाही. मजकूर आधी मोठ्याने वाचून पाहावा, कोठे थांबायचे तेथे पेन्सिलीने खूण करावी, आकडा सावकाश सांगावा, 'ण'चा 'न' करू नये. एवढे सातवी झालेल्या बाईलाही जमते. मी भांडी घासताघासता बातमीतली वाक्ये पुन्हा म्हणत असे. सासूबाई हसत. पण पुढे मुलांच्या शाळेत पालकसभेला बोलताना माझा आवाज कापला नाही.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. दर महिन्याच्या सभेत एका सभासद भगिनीने वर्तमानपत्रातील एक बातमी उभे राहून वाचावी, आणि ती कोणाच्या बाजूने लिहिली आहे ते बाकीच्यांनी सांगावे. दहा मिनिटे पुरतील. पहिल्या महिन्याला माझे नाव लिहून घ्यावे.