पायाखालचे पाणी



ऐन वैशाखात सोलापुरातील एखाद्या आवारात विंधण विहीर घेण्याचे काम निघाले, की भोवती माणसे जमतात. आधी करडी धूळ उडते, मग एकाएकी पाण्याचा फवारा वर येतो आणि ‘लागले, लागले’ असा गलका होतो. कोणी म्हणतो, खाली नदी लागली. कोणी म्हणतो, सिद्धेश्वराच्या तळ्याचा झरा सापडला. पाणी लागल्याचा आनंद रास्तच आहे. परंतु आपल्या पायांखाली नदी वाहत आहे ही समजूत खरी नव्हे, आणि पाण्याच्या बाबतीत आपण जी उधळपट्टी करतो तिचे मूळ पुष्कळ अंशी ह्या समजुतीत आहे.

मग खाली आहे तरी काय? वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. त्यांचाच हा कातळ झाला. तो अखंड असेल तेथे पाण्याचा थेंबही शिरत नाही. जेथे त्याला भेगा आहेत, अथवा तो झिजून त्याचा मुरूम झाला आहे, तेथेच पाण्याला थारा मिळतो.

काळ्या मातीची तऱ्हा तर आणखीच निराळी. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात आणि वळवाचे पाणी त्यांतून झरझर खाली जाते. पण माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचा पाऊस वरच तुंबतो किंवा ओढ्याला जातो. ती पाणी पुष्कळ धरते, परंतु सोडते फार थोडे. पाणी साठविणे आणि पाणी वाहू देणे हे दोन भिन्न गुण आहेत, हे येथे ध्यानात यावे.

आन्री दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी सोडून पाहिले आणि १८५६ साली एक नियम मांडला. त्याचा इत्यर्थ असा, की झिरपणाऱ्या पाण्याचा वेग पातळीच्या उतारावर आणि वाटेच्या मोकळेपणावर अवलंबून असतो. आपण विहिरीतून पाणी उपसतो तेव्हा तिच्याभोवती पातळीचा खळगा पडतो, उतार वाढतो आणि चहूकडचे पाणी तिकडे ओढले जाते. शेजारच्या आडाचे पाणी खाली जाते ते ह्यामुळे. त्यात दैवाचा दोष नाही. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर काढण्यास मनाई केली होती, ती ह्याच कारणाने.

आता हा साठा केवढा? शंभर घनफूट मुरूम पाण्याने पूर्ण भरलेला असला, तरी त्यातून निथळून हाती येते ते साधारण एक ते तीन घनफूट. बाकीचे त्याच्या कणाकणाला चिकटून राहते. म्हणजे ही पुंजी तुटपुंजी आहे. ‘दोनशे फुटांना लागले नाही, तर पाचशे जाऊ’ असे आपण सहज म्हणतो; परंतु खोल कातळातील भेगांना पाणी पुरते ते बहुधा वरच्या मुरमातूनच. तेव्हा खोल जाणे म्हणजे नवी घागर मिळविणे नव्हे. जुन्याच घागरीला बुडाशी दुसरे भोक पाडणे होय.

सोलापूर पर्जन्यछायेतले गाव. येथे पाऊस बेताचा, म्हणून पडेल त्याचा हिशेब ठेवणे प्राप्त आहे. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३०० लिटर पाणी होते. पहिल्या सरीने गच्ची धुऊन जाऊ द्यावी. पुढचे पाणी वाळू-खडीतून गाळून आपल्या आडात सोडावे. ते तेथेच थांबून राहणार नाही, काही शेजाऱ्याकडे झिरपेल. झिरपू द्यावे. आपण उपसतो ते पाणीही केवळ आपल्याच आवारातले कोठे असते?