उन्हाळी दुपार आणि नाचाचे गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मजसारख्या वयस्क बाईने बोलावयाचे म्हणजे जुन्या आठवणी सांगावयाच्या, नाहीतर आरोग्याचे चार शब्द, असा आपल्याकडील रिवाज आहे. मी मात्र आज डिस्को नावाच्या नाचाच्या संगीताविषयी बोलणार आहे. हसू नका. या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे आणि ती आपणांसमोर कबूल करावी, म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला.

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. सकाळी कुरडया घालून झाल्या होत्या आणि दुपारी जिन्याच्या सावलीत आम्ही चौघी-पाचजणी पापडांचे पीठ कुटीत बसलो होतो. शेजारच्या काकूंची लेक माहेरी आली होती, तीही मदतीस होती. उकाड्याने जीव नकोसा झालेला, कोणी कोणाशी बोलत नव्हते. इतक्यात माझ्या सुनेने एक लहानसा स्पीकर आणून ठेवला व गाणे लावले. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की, बत्त्याचा घाव आणि गाण्याचा ठोका एकत्र पडत आहेत!

“हे काय लावलेस ग?” मी विचारले.

“आई, याला न्यू-डिस्को म्हणतात. हे उन्हाळ्यातच ऐकायचे,” ती म्हणाली.

मग ती ऐकवीत गेली, मी विचारीत गेले. या संगीताची घडण अगदी साधी आहे. मोठ्या ढोलाचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारखा पडतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये झांज वाजते. मिनिटाला ठोके साधारण एकशे वीस, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या पावलाइतके. खालून बास गिटार गाण्याला पुढे ढकलीत राहते. ही चाल 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेत रुळली. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँक्युसो नावाच्या गृहस्थाने 14 फेब्रुवारी 1970 रोजी आपल्या राहत्या जागेत नाचाची मेजवानी दिली. तेथपासून डिस्कोची कथा सांगण्याची पद्धत आहे. जे लोक इतरत्र नकोसे होते, म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाचे, समलिंगी, त्यांना अशा जागी मोकळेपणी नाचता येई. 1977 साली डॉना समर या गायिकेचे ‘आय फील लव्ह’ निघाले. त्यातील वाद्यमेळ जवळजवळ सगळा सिंथेसायझर या विजेवरील वाद्यावर वाजविलेला होता. आजच्या नाचाच्या संगीतावर त्याची छाप आहे.

पण लोकांना दुसऱ्याचा आनंदही कधी कधी सोसत नाही. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या एका मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडविण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को मेला, असे पुष्कळांनी जाहीर केले.

भगिनींनो, तबकड्या जळतात, ठेका जळत नाही. पुढे 2000 नंतर तरुण वादकांनी तीच चाल नव्या यंत्रांवर उचलली आणि तिला न्यू-डिस्को हे नाव पडले. 2013 साली ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीने ‘गेट लकी’ हे गाणे काढले. त्यात गिटार वाजविली ती जुन्या ‘शीक’ या डिस्को मंडळीच्या नाइल रॉजर्स यांनी. पुढल्याच वर्षी त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ऑस्ट्रेलियातील ‘पार्सल्स’ या तरुण मंडळींची, लॉस एंजेलिसच्या ‘पूलसाइड’ची गाणी माझ्या सुनेने त्या दुपारी लावली होती. पूलसाइडची मंडळी आपल्या संगीताला दिवसाचा डिस्को म्हणतात. ठेका किंचित संथ, आवाज हळुवार, उन्हात बसून ऐकावे असा. सरबताचा पेला हाती असावा आणि वाऱ्याची झुळूक यावी, तसे ते वाटते.

आता माझी चूक. 1980 साली ‘कुर्बानी’ चित्रपटात नाझिया हसन या पंधराएक वर्षांच्या मुलीने ‘आप जैसा कोई’ गायिले. संगीत मूळच्या बंगळूरच्या बिद्दू यांचे. ते गाणे घरोघरी पोहोचले. 1983 च्या आपल्या स्नेहसंमेलनात त्यावर नाच करावयाचा म्हणून एक चौदा वर्षांची मुलगी महिनाभर तालीम करीत होती. कार्यक्रम ठरविण्याचे काम मजकडे होते. “असली थेरं आपल्या मंडळात नकोत,” असे मी चारचौघींत तिला सांगितले. ती काही बोलली नाही. पुन्हा मात्र ती आपल्या रंगमंचावर कधीच आली नाही.

तीच ही शेजारच्या काकूंची लेक. त्या दुपारी गच्चीवर पीठ मळता मळता तिची पावले हलत होती. मी म्हटले, “ऊठ ग, नाच की!” ती हसली. म्हणाली, “काकू, आता गुडघे दुखतात. तेव्हा म्हणाला असतात तर!”

ती रागाने बोलली नाही, म्हणूनच ते मला अधिक लागले. शिकागोच्या लोकांनी निदान तबकड्या उडविल्या, मी तर एका मुलीची हौस मारली. आणि तीही कोणत्या परंपरेच्या नावाने? जात्यावर ओवी म्हणणाऱ्या, मंगळागौरीला पहाटेपर्यंत झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ठेक्याची लाज कधी वाटली होती?

सुनेने आणखी एक तबकडी ऐकविली. बंगालच्या रूपा बिश्वास यांनी 1982 साली कॅनडात ‘डिस्को जॅझ’ ही गाण्यांची तबकडी केली. तीत आशिष खाँ यांचा सरोद आहे. ती त्या काळी चालली नाही आणि बाई संसारात रमल्या. पुढे जगभरच्या तरुणांनी ती शोधून काढली व 2019 साली ती पुन्हा निघाली. सदतीस वर्षांनी! ते ऐकत असता काकूंची लेक हात पुसून उठली. गुडघे सांभाळीत चारच पावले टाकली, पण अशी नेटकी की आम्ही कुटणे थांबवून पाहत राहिलो.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढील संमेलनात शेवटचा अर्धा तास कोणाच्याही निवडीवाचून ठेवावा. ज्या भगिनीस जे गाणे आवडते ते लावावे, ज्यांना नाचावेसे वाटेल त्यांनी नाचावे. वयाची अट नको. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडाव्या. बसल्या बसल्या टाळी तर देता येते.

पहिले गाणे कोणते लावावयाचे, ते मी काकूंच्या लेकीस विचारून ठेविले आहे. ते 1980 सालचेच आहे.