खेळाचे यंत्र, दूरचित्रवाणी संच आणि त्यांमधली तार



गेल्या दिवाळीत इंदूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे नवा दूरचित्रवाणी संच आला. बंगळूरला नोकरी करणाऱ्या भाच्याने तो आईसाठी आणला, आणि त्याच्या जोडीला स्वतःसाठी प्लेस्टेशन ५ हे खेळाचे यंत्रही आणले. नवे आले की जुन्याची रवानगी ठरलेली. माझ्या मेहुण्यांनी २००५ साली घेतलेले प्लेस्टेशन २ कपाटात होते. नव्या संचाला ते जोडून पाहिले तो चित्र कृष्णधवल, आणि त्यावर बारीक ठिपक्यांची जाळी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने 'यंत्र गेले' असा निकाल देऊन टाकला. यंत्र भंगारात द्यावयाचे ठरले. बहीण काही बोलली नाही. पण ती बोलली नाही हेच मला खटकले. मेहुणे २०१२ साली वारले. बापलेक दर रविवारी ह्याच यंत्रावर क्रिकेट खेळत, आणि त्यांच्या एका अपुऱ्या मालिकेची नोंद यंत्राच्या मेमरी कार्डात तशीच राहिली होती. यंत्र न चालले तर ती नोंद पाहणार कशी?

म्हणून मी तारेपासून आरंभ केला. वस्तुतः अशा प्रसंगी यंत्राआधी तारेचीच झडती घ्यावी, असे माझे मत आहे.

रंगीत चित्रात दोन गोष्टी असतात : उजेड आणि रंग. आपल्याकडे जुन्या पद्धतीच्या चित्रात ६२५ रेषा असत, त्यांपैकी ५७६ पडद्यावर दिसत. उजेड आणि रंग ही दोन्ही एकाच तारेतून पाठवण्याची जी युक्ती, तिचे टोक पिवळे असते. शेजारची पांढरी आणि तांबडी टोके केवळ आवाजाची, एक डाव्या बाजूचे आणि दुसरे उजव्या. सोय मोठी, परंतु वरण आणि भात एकदा कालवल्यावर ते पुन्हा निराळे करावेत, तसे संचाला हे मिश्रण सोडवावे लागते. ते पूर्णपणे सुटत नाही. म्हणून अक्षरांच्या कडांवर रंग ओघळतो आणि ठिपके सरपटताना दिसतात. एस-व्हिडिओ नावाच्या तारेत उजेड व रंग निरनिराळ्या वाटांनी जातात, त्यामुळे चित्र बरेच स्वच्छ येते. त्याहून सरस ती कम्पोनन्ट तार. हिची चित्राची टोके तीन : हिरवे, निळे आणि तांबडे. हिरव्यातून उजेड जातो, उरलेल्या दोहोंतून रंगाचा हिशेब. युरोपात ह्याच कामासाठी एकवीस टाचण्यांचे स्कार्ट नावाचे रुंद टोक घरोघर होते. आपल्याकडे ते फारसे रुळले नाही.

आता बहिणीच्या घरचे कोडे उलगडते. नव्या संचांवर जागा वाचवण्यासाठी पिवळ्या तारेचे भोक बहुधा निराळे ठेवीत नाहीत. हिरवे भोकच दोन्ही कामे करते. पिवळे टोक हिरव्यात घातले खरे, पण संचाला मात्र कम्पोनन्टची अपेक्षा करायला सांगितले, तर तो त्यातला उजेड तेवढा घेतो आणि रंगाची वाट पाहत बसतो. कृष्णधवल चित्र त्याचेच, आणि ती ठिपक्यांची जाळी म्हणजे न सोडवलेला रंग! संचाच्या यादीतून 'एव्ही' निवडताक्षणी मैदान हिरवेगार झाले. दुकानदाराने मारलेले यंत्र अर्ध्या मिनिटात जिवंत झाले.

पुढे आम्ही कम्पोनन्ट तार घेतली. प्लेस्टेशन २ आणि ३ ह्या दोहोंचे मागचे भोक एकच असल्याने एकच तार दोघांना चालते. येथे एक खोच आहे. यंत्राच्या मांडणीत 'आरजीबी' निवडलेले असेल तर कम्पोनन्ट तारेवर रंगांचा बट्ट्याबोळ होतो; म्हणून पिवळी तार काढण्यापूर्वीच ती निवड बदलून घ्यावी.

ज्यांच्या संचावर अशी भोकेच नाहीत, त्यांना एव्हीचे एचडीएमआय करणारी डबी घ्यावी लागते. मात्र बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत टोके अशी साधी तारही मिळते. ती कृपा करून घेऊ नका. एकीकडचा संदेश आकड्यांचा, दुसरीकडचा लहरींचा. मध्ये रूपांतर करणारे मंडल नसेल तर नुसत्या तांब्याने काहीही साधत नाही. डबी घेतानाही दिशा पाहावी. एव्हीकडून एचडीएमआयकडे जाणारी निराळी आणि उलट जाणारी निराळी. आणि पूर्वीच्या टीव्ही गेममधील बदके मारण्याची बंदूक कोणाकडे शिल्लक असेल, तर तिच्यासाठी कोणतीच तार वा डबी उपयोगाची नाही. ती बंदूक जुन्या काचेच्या नळीचा प्रकाश नेमक्या क्षणी टिपत असे. सपाट पडदा तो क्षण पाळत नाही.

आता नव्या यंत्राकडे वळू. भाचा सोन्याचा मुलामा दिलेली, काही हजार रुपयांची तार घ्यावयास निघाला होता. मी त्याला खोके पुन्हा उघडावयास सांगितले; योग्य ती तार यंत्राबरोबरच आलेली होती.

एचडीएमआय तारेतून आकडेच जातात. ते एक तर पोहोचतात किंवा वाटेत गळतात. सोन्यामुळे मैदान अधिक हिरवे होत नाही. मुलाम्याने टोक गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. गळती झाली की पडद्यावर चमकते ठिपके येतात, किंवा क्षणभर पडदाच काळा होतो. पाहावयाची असते ती तारेची वाहण्याची शक्ती. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे म्हटली तर ४९ कोटी ७६ लाखांहून अधिक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यामागे चोवीस आकडे. वरचा जुळणीचा भार धरून हे सेकंदाला जवळजवळ १८ गिगाबिट होते. 'प्रीमियम हाय स्पीड' तार एवढे वाहते. सेकंदाला १२० चित्रे हवी असतील तर 'अल्ट्रा हाय स्पीड' पाहिजे. तिची मर्यादा ४८ गिगाबिट, आणि तिच्या खोक्यावर तपासून पाहता येईल असे प्रमाणपत्राचे लेबल असते. तारेवर '२.१' असा आकडा छापून कोणी किंमत सांगितली, तर त्यावर विसंबू नये. तो आकडा तारेचा नव्हे, २०१७ साली आलेल्या नियमावलीचा.

भाच्याला यंत्र पलंगाजवळ हवे होते, म्हणून त्याने कुणाकडून पाच मीटरची तार आणली. दर दहा मिनिटांनी पडदा काळा होई. एवढ्या वेगाला साधी तांब्याची तार दोन-तीन मीटरपर्यंतच भरवशाची. पुढे प्रकाशतंतूची लागते, आणि तिची दोन टोके अदलाबदल करून चालत नाहीत. आम्ही यंत्र उचलून संचाखाली ठेवले. खर्च शून्य. त्यातही संचाची सगळीच भोके १२० चित्रे घेत नाहीत. कोणते घेते ते भोकाशेजारी लिहिलेले असते, आणि यादीत जाऊन ते वाढीव संदेशासाठी खुले करावे लागते.

तर अशी आज बहिणीच्या घरी दोन्ही यंत्रे एकाच संचाला जोडलेली आहेत. मेमरी कार्डातली मालिका दोन-दोन अशी बरोबरीत निघाली. शेवटचा सामना मामांनी खेळावा असे भाचा म्हणतो, आणि बहिणीलाही ते मान्य आहे. मला अजून चेंडू तटवण्याचे बटण सापडलेले नाही.