गंजिफाची पेटी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"इंजिनीअर झालीस, काहीतरी टेक्निकल सांग," असा समितीचा निरोप होता. पण सॉफ्टवेअरवर ऐकायला आज तुम्ही जेवण लांबवणार नाही, म्हणून आपल्या चितारआळीबद्दल बोलते.

लाकडी आंबे-केळी घेऊन आपण सगळ्याच भातुकली खेळलो. गंजिफा मात्र आपल्यापैकी कुणीच खेळलं नसेल. छापील पत्ते स्वस्त, आणि बावन्न पानांत काम भागतं. दशावतारी गंजिफाची पानं 120. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. दिवसा खेळाची सुरुवात रामाने, रात्री कृष्णाने. खेळणारेच संपले, मग चितारणाऱ्याला काम कुठून मिळणार?

राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवींनी लक्ष घातलं, तेव्हा गंजिफा रंगवणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. राजेसाहेब-राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडून शिकले. 1971 मध्ये राजवाड्यात 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं. गंजिफा आता खेळण्यापेक्षा जपण्यासाठी, भेट देण्यासाठी बनू लागली. लाकडी फळं, बाहुल्या, पाट, चौरंग यांनाही त्यातून गिऱ्हाईक मिळालं. मला तर यात मायेइतकीच धंद्याची नजर दिसते.

आणि ती पेटी! पानांसारखीच रंगवलेली, सरकत्या झाकणाची. लोकांना वाटतं, ती शोभेची. माझ्या डोक्यात मात्र हिशेबच येतो. 120 पैकी एक पान हरवलं की 119 पानं वाया. दुकानात सुटं पान मिळत नाही. ज्याने पहिल्यांदा पेटी केली त्याला आमच्या टीममध्ये घेतलं असतं.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण लग्नानंतर चितारआळीत गेली आणि तिथेच रंगवायला शिकली. गेल्या मे महिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "अगो, माझ्या झिलाक पुण्याक खंयतरी चिकटव गो." मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात केसाएवढी रेघ न थरथरता ओढणारा तोच एक. त्याचा बायोडाटा माझ्याकडे आहे. मी तो पुढे पाठवणार आहे, कारण महिन्याच्या महिन्याला पगार लागतो म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. कला जगवण्याचं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकायचा हक्क, पुण्यात राहणाऱ्या मला तरी नाही.

पण त्याने मला एक विचारलं: "मावशी, वर्षाला किती पेट्या विकल्या तर नोकरी नको?" आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. एका पेटीला किती दिवस लागतात ते धरलं, तेव्हा आकडा आवाक्याबाहेरचा निघाला नाही. मात्र "एवढे कसले? थोडे कमी करा," असं म्हणणारं गिऱ्हाईक त्यात बसत नाही.

मैत्रिणीने बाहेर व्हरांड्यात टेबल मांडलंय. जेवणाआधी जाऊन या. झाकण हळू सरकवा, आणि घेतलीत तर पानं तिथेच मोजून घ्या.