औषधाला पेशीचा पत्ता हवा



जनुकातील दोष कापून काढणारी ‘क्रिस्पर’ नावाची रेणवीय कात्री २०१२ साली विज्ञानाच्या हाती आली. तिच्यासाठी जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंटिए या विदुषींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ही कात्री कोट्यवधी पेशींमधून नेमक्या रोगग्रस्त पेशीत पोहोचवायची कशी?

याचे एक उत्तर म्हणजे सुमारे शंभर नॅनोमीटर आकाराचा मेदकण. कात्री घडविण्याचा संदेश देणारा आरएनए आणि कापण्याची जागा दाखविणारा दुसरा आरएनए त्याच्या पोटात असतो. रक्तात शिरताच या कणाला ‘एपो-ई’ हे प्रथिन चिकटते. यकृतपेशी ते ओळखून कण आत ओढतात. तेथील आम्लधर्मी पिशवीत मेदावर धनभार येतो, पिशवीचे आवरण फाटते आणि संदेश मोकळा होतो. २०२१ मध्ये ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसच्या सहा रुग्णांना असे औषध दिले गेले. जास्त मात्रा मिळालेल्या तिघांच्या रक्तातील रोगकारक प्रथिन सरासरी ८७ टक्क्यांनी घटले.

यकृताची वाट अशी सापडली; पण सिकलसेलचे मूळ अस्थिमज्जेत आहे. गडचिरोली, नंदुरबारच्या वनवासी पाड्यांत हा आजार पिढ्यान् पिढ्या वेदना देत आला आहे. ब्रिटन व अमेरिकेने २०२३ मध्ये मान्य केलेल्या क्रिस्पर उपचारात रुग्णाच्या पेशी बाहेर काढून दुरुस्त करतात आणि तीव्र केमोथेरपीनंतर परत सोडतात. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. भारतीय शास्त्रज्ञांचा ‘बिरसा १०१’ हा स्वदेशी उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले गेले. ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि, पेशी बाहेर काढायच्या म्हटल्या की सुसज्ज रुग्णालय आलेच, आणि पाड्यापासून ते फार दूर असते.

म्हणूनच मेदकणाला अस्थिमज्जेचा पत्ता देण्याचे संशोधन मोलाचे आहे. मूलपेशी ओळखणारे प्रतिपिंड कणावर बसवून उंदरांत हे साधल्याचे फिलाडेल्फियाच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखविले. मनुष्यासाठी मात्र धीर हवा. यकृताला गंभीर इजा झाल्याने २०२५ मध्ये मेदकणांच्या एका उपचाराच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या.

विज्ञान आपली वाट शोधील. तोवर रक्ततपासणी घरोघरी पोहोचविणे आणि विवाहापूर्वी वाहकांना योग्य सल्ला मिळेल असे पाहणे, हे समाजाचे काम आहे. त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.